शाप आणि इतर किरकोळ कामे

इजिप्शियन धाटणीच्या व्हिडिओ गेममधला शापित नायक म्हणजे ज्याच्या एकट्याच्या खांद्यावर साऱ्या जगाचे भवितव्य असते आणि ज्याला वाटेत कोणीही हटकून हरवलेली शेळी शोधून आणायला सांगू शकते, असा इसम. तो बहुधा राजपुत्र असतो, पुजाऱ्याचा चेला असतो किंवा स्मृती गेलेला सैनिक असतो. यातला तिसरा प्रकार कथा लिहिणाऱ्यांच्या फार सोयीचा. ज्याला काहीच आठवत नाही त्याला नाइल कुठून कुठे वाहते इथपासून सगळे समजावून सांगता येते, आणि गावातला प्रत्येक जण ते सांगतोच.

शाप लागण्याची रीत ठरलेली आहे. वाळूत गाडले गेलेले एक थडगे उघडे पडते. दारावर हातभर उंचीच्या चित्रलिपीत लिहिलेले असते की, आत पाऊल टाकणाऱ्याचे वाटोळे होईल. नायक ते मोठ्याने वाचतो, सोबत्याला त्याचा अर्थ समजावून सांगतो आणि आत पाऊल टाकतो. आत चौथऱ्यावर सोन्याचा भुंगेरा ठेवलेला असतो. सोबती म्हणतो, ‘हात लावू नकोस हं.’ त्याच क्षणी पडद्यावर एक बटण उमटते: हात लावा. दुसरे बटण नसते. ते असते तर समजूतदार खेळाडूंचा गेम चौथ्या मिनिटाला संपला असता आणि दुकानदाराकडे पैसे परत मागायला रांग लागली असती.

शापाची लक्षणे तशी सौम्य असतात. हातावर निळसर रेघा चमकू लागतात, डोळे अधूनमधून पेटतात आणि रात्री-अपरात्री एक घोगरा आवाज नावाने हाक मारतो. त्याचबरोबर नायकाला अंधारात दिसू लागते, तो पूर्वीपेक्षा दुप्पट उंच उडी मारतो आणि मुठीतून ज्वाळा फेकतो. हे पाहिल्यावर गावातल्या आणखी दोन-चार जणांनी शाप मागून घ्यायला हवा होता. पण तसे होत नाही. गावातले लोक नायकाची दया येऊन हळहळतात आणि मग शेळीचा विषय काढतात.

आपल्या पुराणांत शाप देणारा ऋषी राग उतरला की उःशाप सांगून मोकळा होतो. गेममधला पुजारी इतका सरळ नसतो. त्याने उःशाप एका पाटीवर कोरून ठेवलेला असतो, त्या पाटीचे चार तुकडे केलेले असतात, ते वाळवंटाच्या चार टोकांना पुरलेले असतात आणि प्रत्येक तुकड्यावर एकेक अक्राळविक्राळ प्राणी बसवलेला असतो. जग बुडवणाऱ्या दुखण्यावरचे औषध इतक्या गैरसोयीच्या जागी का ठेवावे, हा प्रश्न पुजाऱ्याला विचारता येत नाही, कारण तो तीन हजार वर्षांपूर्वी वारलेला असतो. काही गेममध्ये तो भुताच्या रूपात भेटतो. पण तेव्हाही तो कोड्यातच बोलतो.

या जातकुळीतला सर्वांत हालअपेष्टा भोगलेला नायक म्हणजे २००३ मध्ये आलेल्या ‘स्फिंक्स अँड द कर्स्ड ममी’ या गेममधला तुतनखामेन. ब्रिटनमधल्या युरोकॉम या कंपनीने हा साहसी गेम बनवला आणि टीएचक्यूने तो बाजारात आणला. यात नायक दोन. स्फिंक्स हातात तलवार घेऊन बाहेरची मर्दुमकी गाजवतो. राजपुत्र तुतनखामेनची मात्र सुरुवातीलाच ममी होते, आणि पुढे त्याच्याकडे हत्यार नाही, ढाल नाही, अंगावर पट्ट्या तेवढ्या आहेत. त्याची जमेची बाजू एकच, ती म्हणजे मेलेला असल्यामुळे तो पुन्हा मरू शकत नाही. गेम बनवणाऱ्यांनी या एका गुणाचे सोने केले. लाकडी अडथळा जाळायचा आहे? ममीला पेटवा आणि पळवा. यंत्र चालू करायचे आहे? ममीला विजेचा झटका द्या. गजांच्या फटीतून जायचे आहे? ममीला चेपून पापड करा. एका वेळी अनेक कळा दाबायच्या आहेत? ममीचे तीन तुकडे करा, तीन छोट्या ममी होतील. प्रत्येक वेळी तो बिचारा कण्हतो, धडपडतो आणि कामाला लागतो. इतर गेममध्ये आग दिसली की खेळाडू लांब पळतो. इथे तो ममीला हाताशी धरून आग शोधत फिरतो, आणि त्याला स्वतःच्या निर्दयपणाचे काही वाटेनासे होते.

या ममीत प्राण फुंकायला कॅनोपिक बरणी लागते. खऱ्या इजिप्तमध्ये या बरण्यांचे काम उलटे होते. ममी करताना शरीरातून काढलेले अवयव त्यांत ठेवत. बरण्या चार; त्यांतल्या यकृत, फुप्फुसे, जठर आणि आतडी यांचे रक्षण होरस देवाचे चार पुत्र करत. हृदय शरीरातच ठेवत, कारण विचार करण्याचे काम त्याचे, अशी समजूत होती. मेंदू मात्र आकड्याने नाकावाटे ओढून काढत आणि त्याच्यासाठी पाचवी बरणी ठेवावी असे कोणाला कधी वाटले नाही. तेव्हा ममीच्या नावे जी अवघड कोडी लावलेली असतात, ती सोडवायला डोक्यात काही नसलेला नायक आणि पडद्याबाहेर रात्री दीड वाजता जागा असलेला खेळाडू, एवढीच सामग्री असते.

थडग्यातल्या शापाचा खरा इतिहास गेमइतका रंगतदार नाही. प्राचीन इजिप्तमध्ये असे शिलालेख होते, पण थोडे. गिझाच्या पिरॅमिडजवळच्या कामगारांच्या दफनभूमीत थडग्याला उपद्रव देणाऱ्यावर मगर, पाणघोडा आणि सिंह सोडण्याची धमकी कोरलेली आहे. ही सरळ, रोखठोक धमकी झाली; त्यात निळ्या रेघा नाहीत की घोगरा आवाज नाही. आज सर्वांना ठाऊक असलेला शाप विसाव्या शतकात वर्तमानपत्रांनी तयार केला. पुरातत्त्वज्ञ हॉवर्ड कार्टरला ४ नोव्हेंबर १९२२ रोजी खऱ्या तुतनखामेन राजाच्या थडग्याची पहिली पायरी सापडली. उत्खननाचा खर्च करणाऱ्या लॉर्ड कार्नार्व्हनने बातम्यांचे हक्क एकट्या लंडनच्या ‘टाइम्स’ला विकले. इतर वर्तमानपत्रांचे बातमीदार लक्सरच्या उन्हात थडग्याबाहेर हात चोळत बसले. अशात कार्नार्व्हनच्या गालाला डास चावला, दाढी करताना ती जागा कापली गेली, जखम चिघळली आणि ५ एप्रिल १९२३ रोजी कैरोत त्याचे निधन झाले. बातमी नसलेल्या बातमीदारांना याहून अधिक काय हवे होते? डास बाजूला पडला आणि फेरो पुढे आला. ज्या कार्टरने थडगे उघडले, ममीच्या पट्ट्या सोडवायला लावल्या, वर्षानुवर्षे आतल्या वस्तू मोजल्या, तो १९३९ पर्यंत जगला आणि ६४ व्या वर्षी लंडनमध्ये वारला. मुख्य आरोपीपर्यंत पोचायला शापाला सोळा वर्षे लागली. त्याच्याही वाटेत कोणाची तरी शेळी आली असावी.

पुढे १९३२ मध्ये बोरिस कार्लोफचा ‘द ममी’ हा चित्रपट आला. त्याची पटकथा लिहिणारा जॉन बाल्डरस्टन पूर्वी पत्रकार म्हणून तुतनखामेनच्या थडग्याच्या बातम्या देत असे. बातमीतून चित्रपट आणि चित्रपटांतून गेम, अशी ही वंशावळ आहे.

शापित नायकाची कल्पना मात्र खुद्द इजिप्शियनांचीच. सुमारे ३,३०० वर्षांपूर्वीच्या एका पपायरसवर एका राजपुत्राची गोष्ट आहे. हा पपायरस आता ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. राजपुत्र जन्मताच सात हॅथोर देवता येतात आणि सटवाईचे काम उरकतात. मगर, साप किंवा कुत्रा यांपैकी एकाच्या हातून हा मरेल. राजा त्याच्यासाठी वाळवंटात दगडी घर बांधतो आणि त्याने बाहेर पडू नये अशी तजवीज करतो. मुलगा मोठा होतो, गच्चीवर चढतो, एका माणसामागे चाललेले कुत्रे बघतो आणि म्हणतो, ‘मला ते पाहिजे.’ मृत्यूच्या यादीत ज्याचे नाव आहे तेच पाहिजे. बाप आधी हबकतो, मग पिल्लू आणून देतो. हट्टापुढे राजाचेही काही चालत नाही. पुढे राजपुत्र देशोधडीला लागतो, सत्तर हात उंच खिडकीपर्यंत उडी मारून राजकन्या जिंकतो. बायको खमकी निघते. नवरा झोपलेला असताना साप येतो, तर ती त्याच्यापुढे मद्याने भरलेले भांडे ठेवते. साप पिऊन उताणा पडतो आणि ती कुऱ्हाडीने त्याचे तुकडे करते. मग पाळलेले कुत्रे बोलू लागते की मीच तुझे मरण. राजपुत्र पळत तळ्यात शिरतो, तर तिथे मगर. मगर त्याला खात नाही. ती म्हणते, इथल्या पाणभुताशी माझी तीन महिने झुंज चालू आहे, तेवढी मदत कर, मग तुला सोडते.

म्हणजे मृत्यू तोंड वासून समोर उभा आहे आणि तोही आधी स्वतःचे काम सांगतो. गेम बनवणाऱ्यांनी यात नवीन काही घातलेले नाही. पपायरस इथेच फाटलेला आहे. राजपुत्राचे पुढे काय झाले ते कोणालाच माहीत नाही. हल्ली अशा ठिकाणी पुढचा भाग वेगळे पैसे घेऊन विकतात.

तर कामे. शापित नायकाच्या आयुष्याचा मोठा भाग शाप उतरवण्यात न जाता लोकांची कामे करण्यात जातो. त्यांना ‘साइड क्वेस्ट’ म्हणतात. गावात शिरताच ज्याच्या डोक्यावर चिन्ह तरंगत असेल त्याच्याशी बोलायचे असते. संवाद साधारण असा चालतो:

‘राजपुत्रा, आकाश लाल झाले आहे. अंधाराचा सर्प अपोफिस जागा होतो आहे. आता तूच आमचा तारणहार!’

‘मी निघालोच आहे.’

‘निघतोस ना? मग जाता जाता एवढे पाच विंचू मारून त्यांच्या नांग्या आणशील?’

नायक नांग्या आणतो. त्या घेऊन तो माणूस सांगतो की, मला त्या नको होत्या, पलीकडच्या गावातल्या वैद्याला हव्या होत्या. वैद्याकडे पोचल्यावर कळते की, नांग्या आल्या पण त्या कुटायला खल नाही. खल बहिणीकडे आहे आणि बहिणीशी अबोला आहे. नायक बहिणीकडे जातो. बहीण म्हणते, खल देईन, पण आधी त्याने माफी मागावी. जगाचा तारणहार दोन गावांच्या मधल्या वाळूत ‘ती असं म्हणते’ आणि ‘तो तसं म्हणतो’ हे निरोप पोचवत हिंडतो. शेवटी बक्षीस म्हणून त्याला तीन कांदे मिळतात. या सगळ्या काळात अपोफिस अर्धवट जागा होऊन थांबलेला असतो. प्रलयाला घाई नसते. ‘उद्या सूर्य उगवणार नाही’ असे सांगितल्यानंतर गेममध्ये चाळीस वेळा सूर्य उगवतो आणि त्याबद्दल कोणी कोणाला जाब विचारत नाही. मुख्य काम पुढे ढकलून फुटकळ कामांत गढून जाण्याची मुभा इतक्या उघडपणे देणारी करमणूक दुसरी नाही, आणि परीक्षेच्या आठवड्यात तिची लोकप्रियता वाढते ती उगाच नव्हे.

परक्याची कामे गळ्यात पडू नयेत यासाठी प्राचीन इजिप्शियनांनी पक्का बंदोबस्त केला होता. परलोकातही शेत नांगरावे लागेल, कालवे दुरुस्त करावे लागतील, वाळू वाहावी लागेल, अशी त्यांना धास्ती होती. म्हणून ते थडग्यात शब्ती नावाच्या छोट्या मूर्ती ठेवत. कामासाठी मेलेल्याच्या नावाचा पुकारा झाला की शब्तीने ‘हजर’ म्हणून उठायचे आणि त्याच्या ऐवजी राबायचे. तुतनखामेनच्या थडग्यात अशा ४१३ शब्ती निघाल्या. त्यातल्या ३६५ कामगार, वर्षाच्या प्रत्येक दिवसाला एक. दहा-दहा कामगारांवर एक, असे ३६ मुकादम. आणि दर महिन्याला एक याप्रमाणे आणखी १२ मुकादम. मेल्यावरही देखरेखीला माणूस कमी पडू नये ही दूरदृष्टी वाखाणण्यासारखी आहे. खेळाडूचे दुर्दैव असे की, गेममध्ये राजपुत्राची भूमिका आपण करतो आहोत असे त्याला वाटते आणि प्रत्यक्षात त्याच्या वाट्याला शब्तीचे काम येते, तेही मुकादमांशिवाय आणि स्वखुशीने.

थडग्याच्या आतली व्यवस्था हा स्वतंत्र विषय आहे. तीन हजार वर्षे बंद असलेल्या दालनात मशाली जळत असतात. त्यांत तेल कोण घालते? दाराशी हाडांचे सापळे पहारा देतात. खऱ्या थडग्यांवरचे कामगार इतके निष्ठावंत नव्हते. तिसऱ्या रामसेसच्या राजवटीच्या २९ व्या वर्षी, इ.स.पू. ११५७ च्या सुमारास, राजांची थडगी खोदणाऱ्या देर अल-मदीना गावच्या कारागिरांचे धान्य अठरा दिवस थकले, तेव्हा ते काम टाकून सरळ देवळामागे जाऊन बसले. नोंद असलेला हा जगातला पहिला संप मानतात. गेममधल्या सापळ्यांना धान्याची गरज नाही, हे मान्य. पण तीस शतके एकाच कोपऱ्यात उभे राहून एकानेही तक्रार करू नये हे पटत नाही.

पुढे जायला दगडी ठोकळे सरकवावे लागतात. खुफू राजाच्या पिरॅमिडमधल्या एका दगडाचे सरासरी वजन अडीच टनांच्या घरात भरते. नायक तसला ठोकळा दोन हातांनी खरडत नेतो आणि खाचेत बसवतो. हाच नायक बाहेर आल्यावर गुडघाभर उंचीचे लाकडी कुंपण ओलांडू शकत नाही. त्याला किल्ली लागते. किल्ली सरपंचाच्या बायकोकडे असते आणि तिची कोंबडी हरवलेली असते.

थडग्यात चोर शिरू नयेत म्हणून गेममध्ये भाले, करवती, कोसळणारी छते, विषारी बाण असा सरंजाम असतो. हे सगळे चुकवून जो आत पोचतो त्याला मडकी फोडून पैसे मिळतात. प्रत्यक्षात पिरॅमिडमध्ये वरून सोडायच्या ग्रॅनाइटच्या शिळा असत, दारे चिणलेली असत आणि तरीही चोर आत शिरत, कारण चोर बहुतेक वेळा बांधकामावरचेच असत. नवव्या रामसेसच्या काळात थीब्ज शहरात थडगेचोरीचे खटले चालले, त्यांचे कागद शिल्लक आहेत. त्यात अमेनपनुफर नावाच्या पाथरवटाचा कबुलीजबाब आहे. साथीदारांसह त्याने एका राजाच्या ममीवरचे सोने लुटले. तो पकडला गेला. त्याने आपल्या वाट्याचे सोने धक्क्यावरच्या कारकुनाला दिले आणि सुटला. सुटून साथीदारांकडे गेला, तर त्यांनी आपापल्या वाट्यातून त्याची भरपाई करून दिली आणि सगळे पुन्हा कामाला लागले. कोणत्याही गेममधल्या करवतींपेक्षा या कारकुनाची योजना अधिक पटण्यासारखी आहे. पण कारकुनाशी झुंज देण्याचे दृश्य रंगत नाही, म्हणून त्याला गेममध्ये घेत नाहीत.

मडक्यांतल्या पैशांचीही एक गंमत आहे. पिरॅमिड बांधणाऱ्या इजिप्तमध्ये नाणी नव्हती. व्यवहार धान्यात चालत, किमती पुढे तांब्याच्या वजनात म्हणजे देबेनमध्ये सांगत. एक देबेन सुमारे ९१ ग्रॅमचा. तेव्हा खुफूच्या काळातले मडके फोडून खणखणीत सुवर्णमुद्रा काढणारा नायक अर्थशास्त्रातही चमत्कार करत असतो. यूबीसॉफ्टच्या २०१७ मधल्या ‘असॅसिन्स क्रीड: ओरिजिन्स’चे इथे कौतुक करायला हवे. त्याची कथा इ.स.पू. ४९ मध्ये, क्लिओपात्राच्या काळात सुरू होते. तोवर ग्रीक राजवटीमुळे नाणी रुळली होती, त्यामुळे त्याचा नायक बायेक मनमोकळेपणाने दुसऱ्याच्या घरात शिरून द्राख्मा उचलू शकतो. इतिहासाच्या दृष्टीने ती चोरी निर्दोष आहे.

बायेक मूळचा सिवाच्या ओॲसिसमधला. त्याला मुलाच्या मृत्यूचा सूड घ्यायचा असतो, पण त्याआधी कातडे गोळा करायचे असते. छातीवरचे चिलखत सुधारायला कातडे, बाणांचा भाता मोठा करायला कातडे. सुडाने पेटलेला बाप तरस, पाणघोडे आणि मगरी यांच्यामागे धावत अर्धा इजिप्त पालथा घालतो. या गेममध्ये शापित तलवारीही मिळतात. त्या हाती घेतल्या की वार जबरदस्त बसतो, मात्र नायकाच्या प्राणशक्तीचा मोठा हिस्सा कापला जातो. शाप काय करतो हे इथे तलवारीच्या माहितीतच लिहिलेले असते. पुढे मार्च २०१८ मध्ये आलेल्या ‘द कर्स ऑफ द फेरोज’ या जोडभागात बायेकला तुतनखामेन, अखेनातेन, नेफर्तिती आणि दुसरा रामसेस या सगळ्यांशी झुंजायला लावले आहे. आणि दमल्यावर तो गिझाच्या पिरॅमिडच्या माथ्यावरून घसरगुंडी करत खाली येतो. एरवी प्रत्येक काम पैशांसाठी किंवा कातड्यासाठी करणारा खेळाडू ही घसरगुंडी मात्र फुकट आणि पुन्हा पुन्हा करतो.

इथल्या प्राण्यांना पातळ्या असतात. तिसऱ्या पातळीची मगर दोन घावांत आडवी होते. नदीच्या त्याच काठावर तीन कोस खाली गेले की तिसाव्या पातळीची मगर असते. तिचे दात तेवढेच, शेपूट तेवढीच, रंगही तोच. पण तिच्यावर शंभर बाण मारले तरी ती जांभई दिल्याप्रमाणे तोंड उघडते आणि नायकाला गिळते. नवख्या खेळाडूला वाटते की आपण चुकून दुसऱ्या देशात आलो.

नायकाच्या झोळीला तळ नसतो. तीत सतरा तलवारी, नऊ ढाली, विंचवांच्या उरलेल्या नांग्या, एक अख्खी होडी दुरुस्त होईल एवढे लाकूड आणि ते तीन कांदे मावतात. त्यात सर्वांत मौल्यवान म्हणजे प्राण वाचवणारे संजीवक औषध. ते आणीबाणीसाठी राखून ठेवलेले असते. मगर गिळते तेव्हा खेळाडू म्हणतो, ‘एवढ्यासाठी नको, पुढे याहून मोठं संकट येईल.’ मोठे संकट येते तेव्हा म्हणतो, ‘याहून मोठं येईल.’ शेवटच्या युद्धानंतर झोळीत ९९ बाटल्या शिल्लक निघतात. घरात पाहुण्यांसाठी जपलेल्या कपबशा बारा वर्षे कागदात गुंडाळून ठेवणाऱ्या माणसांना यात काही वावगे वाटणार नाही. वाटेत भेटणारा सौदागर नांग्यांसकट सगळे विकत घेतो, आणि तोच सौदागर जग वाचवायला निघालेल्या नायकाला एका बाणाची किंमत पैसे मोजून द्यायला लावतो. जग बुडाले तर दुकानही बुडेल हा विचार त्याला शिवत नाही.

हे गेम आता मराठी घरांतही खेळले जातात, आणि दिवाणखान्यातल्या टीव्हीला यंत्र जोडलेले असेल तर प्रेक्षकही मिळतात. आजींचा पहिला प्रश्न ठरलेला: ‘मेला का रे हा?’

‘मेला, पण परत आला.’

‘मग मघाशी तू ओरडलास कशाला?’

याला उत्तर नाही. थोड्या वेळाने दुसरा प्रश्न येतो: ‘त्या बाईची कोंबडी सापडली का?’ खेळाडू सांगतो की कोंबडीचे काम वैकल्पिक आहे. आजींना वैकल्पिक हा प्रकार पसंत नसतो. शब्द दिला म्हणजे दिला. मग अपोफिस पुन्हा ताटकळतो आणि नायक कोंबडीमागे लागतो. एका बाबतीत मात्र आजींचे निरीक्षण गेम बनवणाऱ्यांना लाज आणणारे असते. ‘इतकी मडकी फोडलीस,’ त्या म्हणतात, ‘एक तरी आवर.’

मरणाचा प्रश्न गेमने सोडवून टाकलेला आहे. नायक मेला की शेवटच्या नोंदलेल्या जागी उभा राहतो. इजिप्शियनांच्या मते मात्र मेल्यानंतरच खरी परीक्षा असते. अनुबिस देव मेलेल्याचे हृदय तराजूच्या एका पारड्यात ठेवतो, दुसऱ्यात मात देवतेचे पीस. थोथ देव निकाल लिहून घेतो. शेजारी अम्मित ही राक्षसी बसलेली असते. डोके मगरीचे, पुढचे अंग सिंहाचे आणि मागचे पाणघोड्याचे. हृदय जड निघाले तर ते तिच्या पोटात जाते. शिवाय बेचाळीस देवांसमोर बेचाळीस पापे नाकारावी लागतात. आता शापित नायक या दालनात उभा आहे असे समजावे.

‘चोरी केली नाहीस ना?’

नायक झोळी मागे सरकवतो.

‘कोणाला मारलं नाहीस ना?’

‘आज का?’

‘देवळातला नैवेद्य उचलला नाहीस ना?’

‘त्याने प्राणशक्ती वाढते, महाराज.’

‘चोरून कोणाचं बोलणं ऐकलं नाहीस ना?’

हा प्रश्न अन्यायाचा आहे. झुडपात लपून पहारेकऱ्यांचे बोलणे ऐकले नाही तर पुढची कामगिरीच सुरू होत नाही. वाहते पाणी अडवले नाहीस ना, या प्रश्नावर तर नायक मान खाली घालतो, कारण दुसऱ्या थडग्यातले कोडे तसे केल्यावाचून सुटत नव्हते. बेचाळीसांपैकी धड नाकारता येतील अशी पापे दोन-तीनच उरतात. अम्मित ताट पुढे ओढते. आणि तेवढ्यात नायक शेवटच्या नोंदलेल्या जागी उभा राहतो.

पापमुक्त इजिप्त पाहायचा असेल तर त्याचीही सोय आहे. यूबीसॉफ्टने २०१८ च्या फेब्रुवारीत ‘ओरिजिन्स’ला ‘डिस्कव्हरी टूर’ जोडली. यात लढाई नाही, शत्रू नाहीत, सूड नाही. ममी कशी करत, पाव कसा भाजत, अलेक्झांड्रिया कशी वसली अशा ७५ माहितीपूर्ण फेऱ्या आहेत. शाळांत दाखवण्याजोगी ही आवृत्ती आहे, म्हणून नग्न पुतळ्यांच्या नको त्या जागी शिंपले चिकटवले आहेत. मुले पाव भाजण्याची माहिती मन लावून ऐकतील आणि शिंपल्यांकडे बघणार नाहीत, असा कोणाचा तरी विश्वास होता.

शेवटी अंतिम शत्रू. तो कुठल्यातरी देवळाच्या गाभाऱ्यात किंवा पाताळात भेटतो. आधी तो अर्धा तास स्वतःची बाजू मांडतो आणि तारुण्यात आपल्यावर कसा अन्याय झाला ते सांगतो. मग लढाई होते आणि तो पडतो. पडल्यावर खदखदा हसतो आणि दुप्पट मोठा होऊन उठतो. पुन्हा पडतो, आणि या खेपेला पंख फुटून उठतो. तिसऱ्यांदा पडला की खेळाडू बटण सोडत नाही, कारण एव्हाना त्याचा कोणाच्याच मरणावर विश्वास उरलेला नसतो. खरोखरच मेला आहे याची खूण म्हणजे संगीत बदलते आणि नावांची यादी सुरू होते. शेकडो नावे वर सरकत जातात. मडकी रंगवणारे वेगळे, मडकी फुटतानाचा आवाज काढणारे वेगळे. त्यात इतिहासाचे सल्लागारही असतात; मशालीतल्या तेलाबद्दल त्यांचे काय मत पडले हे मात्र लिहिलेले नसते.

शाप उतरतो. हातावरच्या निळ्या रेघा पुसल्या जातात आणि त्यांच्याबरोबर दुप्पट उंच उडीही जाते, असा न्याय व्हायला हवा. पण खेळाडू चिडतील म्हणून उडी राहू देतात. यादी संपल्यावर नायक पुन्हा गावात उभा असतो. त्याने जग वाचवल्याची वार्ता गावापर्यंत पोचलेली नसते. डोक्यावर चिन्ह तरंगत असलेला एक माणूस पुढे येऊन सांगतो की आकाश लाल झाले आहे. आकाश निळे असते. ‘ओरिजिन्स’मध्ये पुढे ‘न्यू गेम प्लस’ नावाची सोय आली. मिळवलेल्या तलवारी, ढाली आणि पातळी तशीच ठेवून गोष्ट पहिल्यापासून खेळायची. शत्रूही मग त्याच मापाने बलवान होतात, म्हणून खेळाडू आधी आणखी कातडे गोळा करायला निघतो.